काखेतल्या गाठीची तपासणी (सेंटिनल नोड): सर्जनला ५ स्टार, बाकीच्यांना २

सासूबाईंचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलात केलं, नाव मुद्दाम देत नाहीये. स्तनातली गाठ लहान, सोनोग्राफीत काखेतल्या गाठी (लिम्फ नोड, त्या सगळ्यांनाच असतात) नॉर्मल, तरी त्या घाबरलेल्या कारण त्यांच्या बहिणीची सगळी काख साफ केली होती, म्हणजे तिथल्या सगळ्या गाठी काढल्या होत्या, आणि तिचा हात शेवटपर्यंत सुजलेलाच राहिला, बांगडी चढायची नाही.

सर्जनने कागदावर चित्र काढून समजावलं. कॅन्सर स्तनातून निघाला की आधी ज्या एक-दोन गाठींत पोचतो तेवढ्याच शोधून काढायच्या, त्या क्लीन निघाल्या तर बाकीच्यांना हात नाही लावायचा. हात सुजायचा चान्स सगळ्या काढल्या तर साधारण ५ बायकांत एकीला, यात २० मध्ये एकीला. आणि काखेत कॅन्सर असूनही शंभरातल्या ५ ते १० जणींत या टेस्टला तो सापडत नाही हेही आपणहून सांगितलं, ते मला जास्त आवडलं.

सकाळी न्यूक्लिअर मेडिसिनला टेक्निशियमचं (किरणोत्सारी आयसोटोप) इंजेक्शन, मग ऑपरेशन थिएटरमध्ये निळा डाय. किरणं पकडणारा प्रोब जिथे वाजतो किंवा जी निळी दिसते ती गाठ काढायची आणि ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझनला (गाठ गोठवून, काप काढून लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात) पाठवायची. फ्रोझन निगेटिव्ह आलं.

आता तक्रारी. त्या डायने लघवी निळी-हिरवी होते हे कुणी सांगितलंच नाही, सासूबाई बाथरूममधून ओरडल्या "अगं इकडे ये आधी!" आणि ड्युटीवरची सिस्टर पण आमच्याकडेच बघत बसली. एस्टिमेटमध्ये आयसोटोप आणि फ्रोझन धरलेलंच नव्हतं, मग टीपीएशी (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) वेगळी हुज्जत. सगळ्यात वाईट म्हणजे फायनल रिपोर्ट उशिरा आला आणि रिसेप्शनवरून फोनवर सरळ सांगितलं की "एक गाठ पॉझिटिव्ह आहे, डॉक्टरांना भेटा". रात्रभर घरात कुणी झोपलं नाही. सकाळी कळलं की २ मिमीपेक्षा लहान ठिपका आहे, मायक्रोमेटास्टॅसिस, फ्रोझनमध्ये असं सुटू शकतं कारण तिथे गाठीचे मोजकेच काप बघतात, आणि एवढ्यासाठी काख परत उघडायची गरज नाही. अहो मग हे फोन करणाऱ्याला सांगून ठेवायला काय झालं होतं?

रेडिएशन पण तिथेच घेतोय, सर्जनसाठी. ज्यांना जायचंय त्यांनी एस्टिमेटवर आयसोटोप आणि फ्रोझन लिहून घ्या. पार्किंग विसरा, रिक्षाने जा.