माय कझिन व्हिनी की जॉली एलएलबी?

मैत्रीण विचारतेय, शनिवारी कोथरूडला आईबाबांसोबत कोर्टातली कॉमेडी बघायचीय, कुठली लावू? लांबी दोन्हींची दोन तासांच्या आसपास, तो प्रश्नच नाही. कोर्ट म्हणशील तर १९९२ चा इंग्रजी व्हिनी भारी, त्यातला वकील ग्रिट्स म्हणजे मक्याची लापशी शिजायला किती वेळ लागतो एवढंच विचारून साक्षीदाराचा 'पाचच मिनिटं झाली' हा दावा उडवून लावतो, आणि टायरच्या खुणांवर मारिसा टोमे जी साक्ष देते ना, ऑस्कर उगाच नाही मिळालं तिला. फक्त उच्चार अवघड, सबटायटल्स लागतातच, शिव्याही भरपूर (बाबांसमोर रिमोट हातात ठेव). २०१३ चा जॉली हिंदीत, सौरभ शुक्लाचा जज एक नंबर, पण नंतर हसू कमी, चीड जास्त. घरच्यांसोबत जॉली, उलटतपासणीची खरी मजा हवी तर एकटीने व्हिनी.