डीएनए दाखला खरा, चाफा खोटा

अंगणात एकाच रंगाचे सहा चाफे हवेत हा माझा हट्ट. तोही काळसर भासणारा गडद लाल. पुण्याबाहेरच्या एका नर्सरीत मिळाला, रोपाला ९०० रुपये. साधा चाफा दीडशेला होता, पण याच्यासोबत 'डीएनए टेस्टेड' दाखला होता. लॅबचा शिक्का, नमुना क्रमांक आणि खाली निष्कर्ष: प्लुमेरिया रुब्रा, म्हणजे चाफ्याच्या एका प्रजातीचं शास्त्रीय नाव. मी तो घराच्या कागदांच्या फाइलला लावून ठेवला!

तीन पावसाळे गेले. पहिलं झाड फुललं ते फिकट गुलाबी. दुसरं पांढरं, पोटात पिवळं, म्हणजे देवळामागे फुकट मिळतो तोच. तिसरं शेंदरी. नर्सरीवाला म्हणाला, "काका, माती बदलली की रंग बदलतो." उन्हाने चाफ्याची छटा थोडी हलते हे खरं, म्हणून आणखी एक वर्ष गप्प बसलो.

भाची वनस्पतिशास्त्र शिकवते. दाखला वाचून ती हसलीच. "मामा, हा खोटा नाहीये. तुझी झाडं रुब्राच आहेत. पण बाजारातले लाल, गुलाबी, पिवळे चाफे बहुतेक रुब्राच असतात." लॅबने हरितलवकातला मॅट-के जनुक वाचला होता. त्यावरून बहुतेकदा प्रजाती कळते. एकाच प्रजातीतले वाण वेगळे काढायला तो जवळपास निरुपयोगी. त्यासाठी एसएसआर मार्कर लागतात. डीएनएत दोन-तीन अक्षरांचा तुकडा लागोपाठ किती वेळा आलाय ते मोजायचं, अशा बऱ्याच जागी. बियांच्या रोपांत हे आकडे रोपागणिक बदलतात, एकाच झाडाच्या कलमांत सारखे येतात.

म्हणजे मातृवृक्षाचं, ज्याची कलमं म्हणून विकली त्या मूळ झाडाचं, पान नसतानाही माझ्याच सहा रोपांची पानं एकमेकांशी ताडली असती, तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं की ही कलमं नव्हेत, बियांची रोपं आहेत. बियांतून चाफा आईसारखा येईलच असं नाही. आणि खरं सांगायचं तर लॅब कशाला, नर्सरीवाल्याने 'कलम बांधलेलं' सांगितलं तेव्हा मी खोडावरचा सांधासुद्धा पाहिला नव्हता.

दाखला घेऊन पुन्हा गेलो. म्हटलं, रोपांचा डीएनए ठसा मातृवृक्षाशी जुळतो असं लिहून द्या. मातृवृक्ष थायलंडला आहे म्हणे. मग पैसे परत मागितले, तर त्याने दाखल्यावरच बोट ठेवलं. "रुब्रा लिहिलंय ना, काका? रुब्राच दिलाय."