अभिरूप मुलाखती: धडधड कमी करायला किती कामाच्या?

राज्यसेवा मुख्य परीक्षेचा निकाल लागला की पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात अकादम्यांचे ‘मोफत अभिरूप मुलाखत’चे, म्हणजे खऱ्या मुलाखतीच्या रंगीत तालमीचे (मॉकचे) फलक झळकू लागतात. मोफत का, ते उघड आहे. तुम्ही अंतिम यादीत आलात की तुमचा फोटो त्यांच्या फ्लेक्सवर. एकच चेहरा चार अकादम्यांच्या फ्लेक्सवर हसताना दिसतो तो त्यामुळेच. पण नव्या पद्धतीत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ मुलाखतीला आहेत, त्यामुळे फुकटचं म्हणून नाक मुरडण्यातही अर्थ नाही.

या मॉकमधून ज्ञान वाढेल ही अपेक्षा सोडा. खरा फायदा आहे तो पहिल्या दोन मिनिटांचा. दार उघडून आत जाण्याची परवानगी मागणं, खुर्चीपर्यंतची चार पावलं, ‘बसा’ म्हणेपर्यंत उभं राहणं आणि मग स्वतःची ओळख. घशाला कोरड पडते ती इथेच. अनोळखी लोकांसमोर हे पुन्हा पुन्हा केलं की शरीर त्याला धोका समजेनासं होतं. म्हणून पॅनेलवर रोजचे शिकवणारे सर बसले असतील तर ती मॉक जवळपास वाया. भीतीच वाटली नाही तर सवय कशाची होणार? दारातून आत येण्याचा भाग गाळून थेट प्रश्न सुरू करणाऱ्या ठिकाणीही हेच.

दुसरी अट रेकॉर्डिंगची. व्हिडिओ हातात मिळत नसेल तर नाव नोंदवू नका. मिळाला की आधी आवाज बंद करून बघा: टेबलाखाली हलणारा पाय, पेनशी चाळा, एकाच सदस्याकडे खिळलेली नजर. मग चित्र न बघता फक्त ऐका. वाक्य कुठे गिळलं जातंय, ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येतंय ते मोजा. आवाज थरथरतो तो बहुधा छातीतल्या छातीत श्वास घेऊन बोलायला सुरुवात केल्यामुळे. बाहेर वाट पाहताना चार अंक मोजत श्वास आत, सहा ते आठ मोजत बाहेर, असं तीन-चार मिनिटं करा. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते. आत गेल्यावर मात्र मोजत बसू नका. प्रश्न संपला की एक श्वास सोडायचा आणि मग तोंड उघडायचं, एवढं पुरे.

काही ठिकाणी कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहायला लावतात, त्याने संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात म्हणे. हा दावा २०१०च्या एका प्रयोगातून आला. त्यातला संप्रेरकांचा परिणाम २०१५मध्ये मोठ्या गटावर तपासला तेव्हा दिसला नाही, आणि २०१६मध्ये मूळ संशोधकांपैकी एकीने आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. तो वेळ पाणी प्यायला वापरा. उपाशीपोटी कडक चहा मात्र नको, हात आणखी कापतात.

सगळ्यात कच्चा भाग फीडबॅकचा. एक पॅनेल म्हणतं जास्त हसता, दुसरं म्हणतं चेहरा पडलेला. दोन्ही ऐकून उमेदवार तिसऱ्या ठिकाणी दगडासारखा बसतो. दोन वेगवेगळ्या पॅनेलनी तीच खोट काढली तरच ती मनावर घ्या. चार-पाच मॉक, मध्ये दोन-तीन दिवसांचं अंतर, हे प्रमाण ठीक. दहा-बारा केल्या की ‘तुमच्या जिल्ह्याबद्दल सांगा’ म्हटल्याबरोबर पाठ केलेली टेप सुरू होते आणि मध्येच उपप्रश्न आला की तिथेच गाडी अडते. शेवटची मॉक खऱ्या मुलाखतीच्या तीन-चार दिवस आधी उरकावी.

पाचपैकी साडेतीन तारे, तेही अनोळखी पॅनेल आणि व्हिडिओ असेल तर. आणि प्रतीक्षा खोलीत कुणी धडधड थांबवणारी गोळी पुढे केली तर घेऊ नका. त्यासाठी वापरलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दमा असलेल्याला जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.