टायमिंग चेन ‘बदलली’, बिल ४,८५० रुपये

माझी होंडा युनिकॉर्न मोटारसायकल २०१० ची, मीटरवर ६८,००० किलोमीटर. रोजची कराड-उंब्रज शाळेची ये-जा, आणि वर्षातून दोन-तीनदा कुंभार्ली घाटातून चिपळूण. मागच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की डाव्या बाजूनं खडखड यायला लागली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी. अर्धा मिनिट वाजायची, गाडी तापली की गप्प.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी, आण्णांनी, गॅरेज बंद करून दोन वर्षं झालेली. म्हणून हायवेलगतच्या एका नव्या गॅरेजात गेलो. स्वच्छ फरशी, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने. (मी असल्या गोष्टींना भुलतो.) तिथल्या पोरानं लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली आणि मान हलवली. “सर, टायमिंग गेलीय. घाटात तुटली तर व्हॉल्व्ह वाकणार, हेड जाणार. मग पंधरा हजारांच्या खाली बोलू नका.” टायमिंग म्हणजे टायमिंग चेन, इंजिनातल्या झडपा (व्हॉल्व्ह) ठरल्या वेळी उघडायला लावणारी साखळी. हेड म्हणजे त्या झडपा बसतात तो इंजिनचा वरचा भाग. मी जरा घुटमळलो, तर म्हणाला, “डुकाटीला टायमिंगचा बेल्ट असतो. जुन्या मॉडेलना दोन वर्षं झाली की किलोमीटर न बघता बदलतात. तुमची तर पंधरा वर्षांत बदललेली नाही!”

बेल्टचं त्याचं बोलणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी अडकलो. रबरी पट्टा उभ्या गाडीतही म्हातारा होतो, त्याला भेगा पडतात, म्हणून तो मुदतीवर बदलायचा. आपल्या साध्या गाड्यांत मात्र पोलादी चेन असते, आणि ती तेलात फिरते. तिला कॅलेंडर कळत नाही. ऑइल वेळेवर बदललं नाही तर ती लवकर लांबते, बदललं तर वर्षानुवर्षं चालते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ‘करून टाका’ म्हणून शाळेला निघून गेलो. तिथंच माती खाल्ली.

संध्याकाळी गाडी घेतली तर आवाज बंद. त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली काळी चेन दाखवली, “बघा किती सैल झालीय.” मी ती घरी न्यायला मागितली, तर म्हणाला, “भंगारात जाते सर, हात काळे कशाला करता?” साध्या कागदावर ‘टायमिंग किट + मजुरी ४,८५०’ एवढंच लिहिलेलं. पैसे मोबाइलवरून दिले. स्क्रीनवर तिसऱ्याच माणसाचं नाव आलं, तेही चाललं मला.

तीन आठवड्यांत खडखड परत. पहिल्यांदा गेलो तेव्हा “नवी चेन बसायला वेळ लागतो.” दुसऱ्यांदा गेलो तेव्हा “आता पिस्टन वाजतोय, सिलिंडरच्या बोरचं काम निघणार, नऊ हजार धरा.” मग मात्र गाडी सरळ मसूरला आण्णांच्या अंगणात नेऊन लावली.

आण्णांनी पाना हातात घेतलाच नाही. डाव्या बाजूला वाकून मॅग्नेटच्या, म्हणजे गाडीची वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, झाकणाकडे बोट केलं. “मास्तर, ह्या बोल्टच्या डोक्यात चिखल भरलाय, तो किती दिवसांचा असंल?” दोन पावसाळ्यांचा तरी होता. झाकणाच्या सांध्यावरही जुन्या तेलकट धुळीचा अखंड थर. टायमिंग चेन खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या, दातऱ्यावर असते आणि ती मॅग्नेटच्या मागं. झाकण उघडून, पुलर लावून मॅग्नेट ओढल्याशिवाय चेन बाहेर येतच नाही. म्हणजे माझ्या इंजिनातली चेन कंपनीतून आली तीच होती. मला दाखवलेली कुणाची होती, देव जाणे.

मग आवाज गेला कसा? सिलिंडरच्या मागं टेन्शनर असतो, चेनला कायम ताण देणारा. त्याच्या दोन बोल्टवर मात्र पान्याचे ताजे ओरखडे होते. काढून, पुसून परत लावलेला. आण्णांनी ऑइल काढलं, तर माझ्या गाडीच्या १०डब्ल्यू-३० या पातळ ऑइलऐवजी भलतंच जाड ऑइल भरलेलं. जाड तेलात आवाज काही दिवस दबतो.

त्यांनी टेन्शनर उतरवला. स्प्रिंगवर पुढं सरकणारी त्याची दांडी बोटानं दाबली की आत जायची, जी जायला नको. दांडी जवळपास पूर्ण बाहेर आलेली असती तर चेन लांबली असं समजायचं, पण माझी निम्मीच बाहेर होती. हेडची वरची टोपी उघडून मॅग्नेटवरची ‘टी’ खूण (पिस्टन वर आल्याची) लावून पाहिली, तर कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, दातऱ्याची खूण हेडच्या कडेला नीट जुळत होती. “चेन चांगली हाय. टेन्शनर मेलाय.” नवा टेन्शनर, ऑइल आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम. त्यानंतर ११,००० किलोमीटर झाले, कुंभार्लीही तीनदा चढलो, सकाळी गाडी गपगार सुरू होते.

पैशांसाठी भांडायला गेलो. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोनही केला. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला, आणि माझ्याकडे होता दुकानाचं नाव नसलेला कागद. गाडीचा नंबर नाही, सुट्या भागाचा नंबर नाही. पार्टचं रिकामं खोकं मागितलं असतं तरी काही हातात राहिलं असतं. शेवटी चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवल्यावर मालकानं २,००० परत दिले, तेही ‘सर आहात म्हणून’.

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या स्प्लेंडरला त्याच गॅरेजात ‘टायमिंग गेली’ असं सांगितलं. मी त्याच्याबरोबर गेलो, स्टूल ओढलं आणि गाडीशेजारी बसलो. तेच पोरगं. माझ्याकडे एकदा बघितलं, स्क्रूड्रायव्हर परत कानाला लावला आणि म्हणालं, “थांबा, आधी टेन्शनर बघू.”