लॅफ्रिया की मॅलोफोरा? उत्तर अमेरिकेतल्या रॉबर माश्यांची प्रजाती ठरवताना

मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या अमेरिकेत रॉबर माश्यांच्या, म्हणजे इतर कीटकांची शिकार करणाऱ्या माश्यांच्या, सुमारे हजार जाती आहेत. दोन डोळ्यांच्या मधोमध डोक्यावर खळगा, चेहऱ्यावर राठ केसांची मिशी आणि भक्ष्याला टोचायची टणक सोंड, एवढं दिसलं की कुल ॲसिलिडी हे पक्कं. खरी पंचाईत पुढे होते. अंगणात काढलेला फोटो समोर असतो आणि प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची, इंग्रजीत जीनस) दोन-तीन नावं सारखीच बरोबर वाटतात. माझं मत स्पष्ट आहे: रंग आणि केसाळपणा शेवटी बघा. आधी शृंगिकेचं (अँटेनाचं) टोक, मग पंखातल्या शिरा, आणि मादी असेल तर पोटाचं टोक.

सगळ्यात जास्त गोंधळ लॅफ्रिया आणि मॅलोफोरा यांच्यात होतो. दोघी जाड, केसाळ, काळ्या-पिवळ्या आणि हुबेहूब बंबलबीसारख्या. पण दोघींची उपकुलं वेगळी आहेत, हे सोंग दोघींनी आपापलं घेतलेलं आहे. फोटो मोठा करून शृंगिका बघा. मॅलोफोराच्या शृंगिकेच्या टोकाला केसासारखा बारीक काटा असतो. लॅफ्रियाची शृंगिका जाडसर होऊन तिथंच संपते, काटा नावालाही दिसत नाही. शृंगिका धूसर असेल तर पंखाकडे वळा. तिसऱ्या मुख्य शिरेला टोकाकडे फाटा फुटतो, त्या भागातले कप्पे, म्हणजे शिरांमधल्या मोकळ्या जागा, मोजा. मॅलोफोरात तीन, लॅफ्रियात दोन. जागाही साक्ष देते. लॅफ्रियाच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात, त्यामुळे ती जंगलाच्या कडेला, ओंडक्यावर किंवा उन्हातल्या पानावर बसलेली सापडते, अगदी कॅनडातही. मॅलोफोरा मुख्यतः दक्षिणेची आणि मोकळ्या माळाची. फ्लॉरिडातली मॅलोफोरा बॉम्बॉइडीस तर मधमाश्या आणि बंबलबी मारण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पश्चिमेकडे केसाळ पण लहानखुरी माशी दिसली आणि कप्पे तीन निघाले, तर मेगाफोरस या प्रजातीचाही विचार करा.

दुसरा गट मोठ्या, लांबट, करड्या-तपकिरी माश्यांचा: प्रोमॅकस, एफेरिया आणि प्रोक्टाकँथस. इथे पंखातली एक छोटी शीर बरंच काम करते. त्याच तिसऱ्या शिरेच्या वरच्या फाट्याच्या बुडातून एक उपशीर पुढच्या शिरेकडे जाते. प्रोमॅकसमध्ये ती पुढच्या शिरेला जाऊन भिडते, म्हणून तिसरा कप्पा तयार होतो. एफेरियात बहुतेक वेळा ती मध्येच खुंटते, नुसता खुंट दिसतो. हे एकदा डोळ्यात बसलं की चुकणं अवघड. मात्र बसल्यावर या माश्या पंख पाठीवर एकावर एक ठेवतात, आणि खालच्या पंखाच्या शिरा वरच्या पंखातून डोकावतात. त्यामुळे नेमका वरून काढलेला फोटो लागतो, आणि शिरा वरच्याच पंखाच्या मोजायच्या.

पोटाचं टोक तर याहून सोपं. एफेरियाच्या मादीचा अंडनिक्षेपक (अंडी घालायचा अवयव) लांब, दोन्ही बाजूंनी चपटा, पात्यासारखा असतो. नराचं टोक फुगीर, गाठीसारखं, आणि त्याच्या आधीचे खंड अनेकदा चंदेरी पांढरे. प्रोमॅकसच्या बऱ्याच नरांना टोकाला पांढऱ्या केसांचा झुबका असतो. प्रोक्टाकँथसच्या मादीच्या टोकावर काट्यांचं कडं असतं, दुसरं काही बघायला नको. हिला वाळूची मोकळी जमीन आवडते. काट्यांचं कडं दिसत नसेल आणि समोर नर असेल, तर नाव लिहायची घाई मी करत नाही.

प्रोमॅकस भारतातही आहे, पण ही तुलना सुट्टीत गावी काढलेल्या फोटोंना जशीच्या तशी लावू नका. तिथे तिच्या शेजारच्या प्रजाती वेगळ्या आहेत.

पुढच्या पायांनी फांदीला लोंबकळत भक्ष्य शोषणारी सडपातळ, फिकट तपकिरी माशी दिसली, तर पहिलं नाव डायॉग्मायटीस. पण लोंबकळण्यावर विसंबू नका, इतरही काही जणी ते करतात. पुढच्या नडगीच्या टोकाला वाकडा आकडा आहे का ते बघा, आणि पंखाच्या पुढच्या कडेजवळचा लांब कप्पा कडेशी उघडा आहे का तेही. दोन्ही जुळलं तर प्रश्न उरतो डायॉग्मायटीस की सॅरोपोगन, कारण आकडा दोघींना असतो. तेव्हा पंखाच्या मागच्या कडेचा चौथा कप्पा बघा. डायॉग्मायटीसमध्ये तो कडेला पोचण्याआधीच मिटतो, सॅरोपोगनमध्ये उघडा राहतो.

लेप्टोगॅस्टरला चतुर वर्गातली टाचणी समजणारे पुष्कळ. काडीसारखं पोट, लांब मागचे पाय, आणि नखांखालच्या गाद्या नाहीतच. होल्कोसेफालासाठी एवढंही करावं लागत नाही. जेमतेम सहा मिलिमीटरची माशी आणि तिच्या मानाने भलंमोठं, रुंद, नुसत्या डोळ्यांचं डोकं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या संशोधकांच्या अभ्यासात हिच्या डोळ्यांच्या मध्यभागाची नजर इतक्या छोट्या कीटकासाठी विलक्षण तीक्ष्ण निघाली.

राहिल्या मॅकिमससारख्या मध्यम आकाराच्या, करड्या, एकमेकींच्या प्रती वाटणाऱ्या माश्या. तीन कप्पे नाहीत, खुंट नाही, काटे नाहीत, आणि फोटो बाजूने काढलेला. अशा वेळी उपकुल ॲसिलिनी लिहून थांबलेलं बरं. यांचा निवाडा बहुधा नराच्या जननांगांवरच होतो, आणि त्यासाठी नमुना भिंगाखाली हवा. एफेरियातही जातीपर्यंत जायचं म्हटलं तर हीच गत. कीटकशास्त्रज्ञ जोसेफ विलकॉक्स यांनी 1966 मध्ये तिच्या उत्तर अमेरिकेतल्या जातींचे गट पाडले. 1997 मध्ये आर्तिगास आणि पापावेरो यांनी तिच्यातून अनेक नव्या प्रजाती वेगळ्या काढल्या. त्यामुळे एकाच माशीला दोन ठिकाणी दोन प्रजातींची नावं दिसली, तर फोटो चुकला असं समजू नका. नोंद करताना जुन्या, व्यापक अर्थाने एफेरिया लिहा आणि तसं कंसात नमूद करा.