खांद्यातलं दुःख आणि ७५,५०० रुपये

अंगात साठलेलं दुःख दाबून बाहेर काढतो म्हणणाऱ्या एका थेरपीवाल्याकडे मी ७५,५०० रुपये घालवले. असल्या ठिकाणचं पॅकेज, "आज भरलंत तर सूट", भिंतीवरची सर्टिफिकिटं हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ते सांगत बसत नाही. मला कुठे पकडलं तेवढं सांगते.

डावा हात वर जाईना. मागे नेऊन हुक लावता येईना, त्या कुशीवर झोपता येईना. हाडांच्या डॉक्टरांनी मान वर न करता 'फ्रोझन शोल्डर' (म्हणजे जखडलेला खांदा) लिहिलं, रक्ततपासणीची चिठ्ठी आणि व्यायामाचा कागद हातात दिला, की पुढचा पेशंट. आमचे हे जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. अशात कोथरूडमधल्या एका 'बॉडी-इमोशन थेरपी'वाल्याने माझं सगळं नीट ऐकून घेतलं. कुणीही गेलं असतं.

पहिल्या सिटिंगचे १,८००. खांद्याखाली हात घालून डोळे मिटून बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, इथे कुणीतरी गेल्याचं आहे. फार जवळचं. तुम्ही रडला नाहीत." मी हमसून हमसून रडले. उठताना डोक्याशी स्टुलावर माझाच फॉर्म दिसला. आत जायच्या आधी बाहेरच्या मुलीने भरून घेतलेला. त्यात 'आयुष्यातले मोठे आघात' असा रकानाच होता. वर तेलाची बाटली ठेवलेली, मी लिहिलेल्या 'पती' या शब्दावर तेलाचा गोल डाग. डोळ्यांनी पाहिलं मी! आणि बाहेर येऊन पॅकेजचे ४८,००० जीपे केले. खांद्याने सांगितलं म्हणे. अहो, खांदा कशाला सांगेल, मीच लिहून दिलं होतं.

पण रडून खरंच हलकं वाटलं होतं. तिथेच गोची आहे. ताण आला की मान-खांदे आवळतात, सावकाश दाबलं की श्वास सुटतो, आणि साठलेलं असलं की माणूस रडतो. यात खोटं काही नाही. खोटं पुढे आहे: रडू आलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, हे. दुखणं वाढलं की "दुःख बाहेर पडतंय", कमी झालं की "पडलं". काहीही झालं तरी तोच बरोबर! ओढाओढीने खांदा ठणकायला लागल्यावर 'डीप रिलीज'चे २२,५०० रोख घेतले, वर तेलाचे ३,२००. भावना स्नायूंत चिलखतासारखी बसते ही कल्पना विल्हेल्म राईश नावाच्या युरोपातल्या डॉक्टरने १९३०च्या दशकात मांडली. आमचे गुरुजी ती ऋषिमुनींची म्हणून विकत होते.

शेवटी माझ्या मुलीने डॉक्टरांची ती चिठ्ठी शोधून काढून रक्त तपासायला लावलं. साखर भरपूर वाढलेली. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीत, बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना जास्त होतो. त्यामुळे हात जखडला की आधी साखर तपासा, मग कुणाच्या टेबलावर झोपायचं ते झोपा.

पोलीस चौकीत काय ऐकावं लागलं! "मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत ना? दिवाणी मामला आहे." दुसरा हसत म्हणाला, "मालिशवाला का?" माझ्या वयाच्या बाईला! तिथून एका सरकारी कार्यालयात पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, तो नोंदणीकृत फिजिओ नाही, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. अहो, नोंदणी नाही हीच तर तक्रार आहे! म्हणजे शिकून चुकला तर चौकशी, न शिकता लुटलं तर कक्षेबाहेर? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. "लंच झाल्यावर या." लंचनंतर साहेब मीटिंगला.

महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी असते. नंबर विचारा, अडखळला तर चप्पल घाला आणि निघा. आघातांचा रकाना पहिल्या दिवशी कोराच ठेवा, बघू खांदा काय बोलतो ते. दुःखाचंच काही असेल तर समुपदेशकाकडे जा, तिथे कुणी हात ओढत नाही. आणि रोख देऊ नका, देऊच नका. माझ्याकडे पावती आहे ती फक्त तेलाची.

ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी अर्ज भरलाय. ५३,००० चा पुरावा आहे, त्या २२,५०० चं काय करायचं ते मुलगी विचारून येणार आहे.