पुल रिक्वेस्ट की गेरिट? खरा फरक दुसऱ्या फेरीत कळतो

इतरांनी पाठवलेला कोड पुल रिक्वेस्टने तपासावा की गेरिटवर, हा प्रश्न ओपन सोर्स प्रकल्प सुरू करणाऱ्याला सहसा पडतच नाही. गिटहबवर रेपो (प्रकल्पाच्या कोडचं कोठार) उघडला की पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती पाठवायची सोय, आपसूक पदरात पडते. पण समुदाय वाढला, रोज कुणाचं ना कुणाचं काम तपासायची वेळ आली, की गेरिट या कोड तपासण्याच्या वेगळ्या साधनाचं नाव निघतं. अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, क्यूटी, ओपनस्टॅक ही मंडळी त्यावरच आहेत. दोन्हीकडे मी कोड पाठवलाय आणि तपासलाही आहे, तेवढ्या बळावर लिहितो.

नवख्यासाठी पुल रिक्वेस्ट सोपी, यात वाद नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये चूक दिसली, ब्राउझरमध्येच दुरुस्त केली, पाठवली, संपलं. गेरिटवर तोच माणूस पहिल्या पुशलाच, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवतानाच, अडतो. कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मजकुरात चेंज-आयडी (त्या बदलाची ओळखखूण) नाही म्हणून सर्व्हर त्याला दारातूनच परत पाठवतो. मग हुक (ती ओळखखूण आपोआप घालणारी छोटी स्क्रिप्ट) बसवा, कमिट अमेंड करा (तेच कमिट सुधारून पुन्हा नोंदवा), पुन्हा पुश करा, आणि तेही थेट ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) नाही तर ‘रेफ्स/फॉर/मेन’ या तपासणीसाठीच्या खास पत्त्यावर. एका स्वल्पविरामासाठी एवढा खटाटोप कोण करेल? त्यात तपासणाऱ्याने बदलाला अधिक-उणे गुण देण्याची ती पद्धत. उणे एकचा अर्थ ‘आहे तसं घेऊ नये असं मला वाटतं’ एवढाच, पण आपल्या कामावर लाल आकडा पाहून नवखा हिरमुसतोच. उणे एक देताना मी सोबत दोन बऱ्या ओळी हमखास लिहितो.

तरीही माझं पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं, ते तपासणीच्या दुसऱ्या फेरीमुळे.

पुल रिक्वेस्ट वाचली, बरेच शेरे मारले. पाठवणारा गुणी, त्याने सगळं दुरुस्त केलं, मेनवर रीबेस केलं (मुख्य शाखेच्या ताज्या कोडवर आपले बदल पुन्हा बसवले) आणि फोर्स-पुश केलं (आधी पाठवलेल्या कमिटच्या जागी नवी चढवली). आता उघडून बघावं तर निम्मे शेरे ‘आउटडेटेड’ म्हणून मिटलेले, आणि मी मागे वाचल्यापासून नेमकं काय बदललं याचा धड पत्ता नाही. फोर्स-पुशच्या नोंदीशेजारी ‘कंपेअर’चं बटण असतं, मान्य. पण रीबेस झालेलं असेल तर त्यात मेनवरचे इतरांचे बदलही येऊन मिसळतात. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. एखाद्या वेळी चालतं. रोजचंच झालं की तपासणाऱ्याचा हात आखडतो आणि तिकडे पाठवणारा ताटकळत बसतो. समुदायातली मजा जाते ती बहुधा इथेच, भांडणांमुळे नव्हे.

गेरिटमध्ये अमेंड केलेलं कमिट त्याच चेंजखाली नवा पॅचसेट (त्याच बदलाची पुढची आवृत्ती) म्हणून येतं. तिसरा आणि चौथा पॅचसेट समोरासमोर लावले की नेमक्या बदललेल्या ओळी दिसतात, रीबेसमुळे आलेल्या ओळी वेगळ्या रंगात. न सुटलेले शेरे नव्या पॅचसेटवरही दिसत राहतात. ‘अटेन्शन सेट’ची छोटी खूण ज्याच्या नावाशी असेल त्याची पाळी, त्यामुळे ‘मला वाटलं तूच बघतोयस’ हा संवाद जवळजवळ बंद होतो. एकावर एक बेतलेले बदल साखळीने पाठवता येतात, हा वरचा फायदा.

गेरिटचा सर्व्हर सांभाळायला मात्र कुणीतरी लागतं, आणि ते काम कुणालाच आवडत नाही.

बहुतेक लोक एखादी दुरुस्ती करून निघून जाणारे असतील, तर पुल रिक्वेस्टच ठेवा. पण तीच ती माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचा कोड वाचणार असतील, तर माझ्या मते गेरिट शिकण्याचा त्रास वसूल होतो. गो भाषेच्या प्रकल्पाने यातून मधली वाट काढली आहे: गिटहबवर आलेली पुल रिक्वेस्ट एक बॉट गेरिटवर नेतो आणि तपासणी तिथे होते. नवख्याला तिथेही गेरिटवर जाऊन उत्तरं द्यावी लागतात, पण निदान पहिलं दार ओळखीचं असतं.

आणि पुल रिक्वेस्टवरच राहायचं ठरलं, तर योगदानाच्या नियमांत एक ओळ जरूर घाला: तपासणी सुरू असताना फोर्स-पुश नको, दुरुस्त्या वेगळ्या कमिटमध्ये पाठवा, स्क्वॉश (सगळी कमिट एकत्र करणं) आम्ही मर्ज करताना, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेताना, करू.